खार्टूमचं ते विद्यापीठच आहे: महाराष्ट्रातल्या कुलगुरूंना आणि परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश बघणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांचे कुलगुरू आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षातले सगळे अधिकारी

स.न.वि.वि.

मी पुण्यात वानवडीला राहते, शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. गेल्या महिन्यात मी इथल्या एका नावाजलेल्या संस्थेच्या परदेशी विद्यार्थी कक्षात चार खेपा घातल्या, कैरोत अडकलेल्या एका सुदानी मुलीच्या अॅडमिशनसाठी. चौथ्या खेपेला तिच्या अर्जावरचा शेरा दाखवला. "धार्मिक स्वरूपाची संस्था, मूळ कागदपत्रे नाहीत, सबब अपात्र." मी विचारलं धार्मिक म्हणजे काय, तर समोरचे साहेब म्हणाले, मॅडम तो मदरसा आहे हो, नावातच कळतंय. नावात तसं काहीच नाहीये, सुदानच्या राजधानीत, खार्टूमला, ती शिकत होती त्या विद्यापीठाचं नाव इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आफ्रिका असं आहे. साहेबांनी नेटवर दोन ओळी वाचल्या असणार, त्यात इस्लामिक शब्द दिसला आणि तिथेच फाईल बंद. त्या संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नंतर दोन ठिकाणी फोन केला तर तिथेही जवळजवळ हेच ऐकलं, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहितेय आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय.

आधी माझा काय संबंध ते सांगते. या मुलीचे वडील १९९४ ते ९७ आमच्याकडे भाड्याने राहत होते, वरच्या खोलीत, तिघं सुदानी मुलं मिळून. तेव्हा पुण्यात सुदानी विद्यार्थी खूप असायचे, कॅम्पात, कोंढव्यात, आमच्या वानवडीत, उंच, सडपातळ, हळू आवाजात बोलणारी मुलं, पुणेकरांना आठवत असतील. हा बीकॉम करत होता. माझ्या आईला काकू म्हणायचा, मला ताई. पहिल्या आठवड्यात आईने त्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली तर तो हसायलाच लागला, म्हणाला आमच्याकडे पण शेंगदाणा वाटून त्याचं दकवा करतात, टोमॅटो-काकडीच्या सॅलडला लावतात, आणि भेंडी वाळवून तिची पूड करून कालवणात घालतात. आई म्हणाली मग तू आमचाच की रे. आई २०११ ला गेली तेव्हा त्याचा खार्टूमहून फोन आला आणि दहा मिनिटं तो नुसता रडत होता, मी इकडून रडत होते, बोलणं काही झालंच नाही. त्याने परत जाऊन नोकरी केली, लग्न केलं, आणि थोरली मुलगी अभ्यासात हुशार निघाली म्हणून तिला या विद्यापीठात कॉम्प्युटरला घातलं. ती मला आत्या म्हणते. पाच सेमिस्टर पूर्ण झाली, सहावं अर्धं झालं होतं आणि १५ एप्रिल २०२३ ला युद्ध सुरू झालं.

आता त्या "मदरशा"बद्दल. मी माहितीपत्रकातलं सांगत नाही, गेली काही वर्षं ती मुलगी आणि तिचे वडील जे सांगत आलेत आणि मी स्वतः जे वाचलंय ते सांगते. हो, त्याची मुळं इस्लामिक आहेत, यात लपवण्यासारखं काही नाही. १९७७ मध्ये ते इस्लामिक आफ्रिकन सेंटर म्हणून सुरू झालं, त्याआधी साठच्या दशकात एक छोटी संस्था निघाली होती ती थोड्याच वर्षांत बंद पडली होती. सुदान सरकार आणि काही अरब देशांनी मिळून पैसा घातला. हेतू असा होता की आफ्रिकेतल्या ज्या देशांत मुसलमान मुलांना पुढचं शिक्षण मिळत नव्हतं तिथल्या मुलांना बोलवायचं, अरबी शिकवायचं, धर्माचं आणि त्याबरोबर शाळेचंही शिक्षण द्यायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं विद्यापीठ झालं, सरकारी विद्यापीठ. शरिया आणि इस्लामिक अभ्यासाची फॅकल्टी आहेच, पण तिच्याच शेजारी मेडिकल आहे, इंजिनिअरिंग आहे, फार्मसी, नर्सिंग, कॉम्प्युटर, खनिज आणि पेट्रोलियम आहे. अल-बशीरच्या राजवटीत तिथे राजकारण घुसलं नसेल असं मी म्हणणार नाही, १९८९ पासून २०१९ पर्यंत त्या देशात कुठली संस्था त्यातून सुटली? पण म्हणून तिथे शिकलेल्या मुलीचं डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्स खोटं होतं का?

मुंबईचं विल्सन कॉलेज १८३२ सालचं आहे, स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्याने काढलेलं. झेवियर्स १८६९ चं, जेझुइट पाद्र्यांचं. तिथून बाहेर पडलेल्या एकाही विद्यार्थ्याच्या अर्जावर आपण "धार्मिक स्वरूपाची संस्था" असा शेरा मारला नाही आणि मारूही नये. कैरोच्या अल-अझहरला हजार वर्षं होऊन गेली, तीही सुरुवातीला मशीदच होती, आज तिथे मेडिकलची फॅकल्टी आहे. आपल्याकडे जे चालतं ते खार्टूमला का चालत नाही, एवढं मला कोणीतरी लिहून द्यावं.

आणि त्या विद्यापीठाची जी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते ती कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात मावत नाही. हिच्या वर्गात, हॉस्टेलमध्ये कोण कोण होतं, तर नायजेरिया, चाड, सोमालिया, केनिया, टांझानिया, युगांडा, काँगो, पार थायलंडपर्यंतच्या मुली. हिची मैत्रीण उत्तर नायजेरियाची, हाउसा बोलणारी. तिने एकदा हाउसामध्ये चिठ्ठी लिहिली, पण अरबी अक्षरांत. याला अजमी म्हणतात, पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेत शेकडो वर्षं लोक आपापल्या भाषा अरबी लिपीत लिहीत आलेत, हाउसा, फुलानी, स्वाहिली, आणि या विद्यापीठात त्यावर काम करणारं वेगळं केंद्रच आहे. हिने मला त्या चिठ्ठीचा फोटो पाठवला तेव्हा मला आमच्या आजोबांचे मोडीतले जमिनीचे कागद आठवले. भाषा घरची आणि अक्षरं आता कोणाला न येणारी. मी तिला त्या कागदांचा फोटो पाठवला, ती ज्यांना दाखवत होती त्या सगळ्या म्हणे विचारत होत्या ही कुठली भाषा, आणि हिने सांगितलं माझ्या आत्याच्या आजोबांची. अशी जागा होती ती. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज वसाहतींनी तुकडे केलेल्या खंडातली गरीब घरातली पोरं एका मेसमध्ये जेवत होती, युरोपचा व्हिसा न मागता आफ्रिकेतच डॉक्टर, इंजिनिअर होत होती.

ते विद्यापीठ दक्षिण खार्टूममध्ये आहे. युद्धाची पहिली चकमक झाली तीही दक्षिण खार्टूममध्येच, स्पोर्ट्स सिटीजवळच्या आरएसएफच्या, म्हणजे सरकारी सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी दलाच्या, तळापाशी. शनिवार होता, रमजान चालू होता. सुदानी मुलांना निदान गावी जायला कुठलं तरी घर होतं, बाहेरच्या देशांतली पोरं हॉस्टेलमध्येच अडकली, पाणी संपलं, वीज गेली. मग एकेका देशाने बसेस पाठवल्या, केनिया, टांझानियाने एप्रिल संपायच्या आत मुलं नेली. नायजेरियाच्या मुलांच्या बसेस तर वाळवंटात मध्येच थांबवल्या ड्रायव्हर लोकांनी पैसे मिळाले नाहीत म्हणून, आणि मग इजिप्तच्या सीमेवर ती पोरं कितीतरी दिवस बसून. ज्यांना न्यायला कोणी आलंच नाही ती कॅम्पसमध्येच राहिली. ४ जून २०२३ ला कॅम्पसवर बॉम्ब पडले. काँगोचे १० नागरिक गेले, त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी हे जाहीरपणे सांगितलं आणि सुदानच्या सरकारकडे जाब मागितला, कारण त्यांचं म्हणणं हे बॉम्ब सरकारी सैन्याच्या विमानांचे होते. आपल्याकडे ही बातमी मला एकाही मराठी पेपरात दिसली नाही, त्या मुलीच्या व्हॉट्सॲपवरून कळली. तिला त्या दिवशी फोन केला तर ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, आत्या आमच्या मेससमोरची जागा आहे ती.

तोवर तिचं कुटुंब सीमेजवळच्या वादी हाल्फाच्या रस्त्याने इजिप्तमधल्या अस्वानला आणि तिथून कैरोला पोचलं होतं. नशीब म्हणायचं, कारण १० जूनपासून इजिप्तने सगळ्याच सुदानी लोकांना व्हिसा सक्तीचा केला, आठवडाभर उशीर झाला असता तर अजून किती दिवस सीमेवर काढावे लागले असते देव जाणे. येताना तिने बॅगेत काय घेतलं असेल? आजीची औषधं, दोन ड्रेस आणि लॅपटॉप. लॅपटॉप एका चेकपोस्टवर काढून घेतला. मोबाईल आईने भाकरीच्या डब्यात लपवला होता म्हणून वाचला, आणि त्याच मोबाईलमध्ये तिच्या पाच सेमिस्टरच्या निकालांचे फोटो होते. तिच्या शिक्षकांनी पुढे टेलिग्रामवर नोट्स पाठवल्या, असाइनमेंट घेतल्या, त्यातले एक सर स्वतः पोर्ट सुदानला एका खोलीत आठ जणांबरोबर राहत होते. सहावं सेमिस्टर तिने असं पूर्ण केलं.

तर या मुलीकडून आपल्या कक्षांनी काय काय मागितलं ते आता सांगते, आणि ते का होऊ शकत नाही तेही.

ट्रान्स्क्रिप्ट मूळ विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात यायला पाहिजे. ज्या रजिस्ट्रार ऑफिसातून ते यायचं ते दोन वर्षं लढाईच्या पट्ट्यात होतं. मला सांगितलं गेलं की मार्च २०२५ मध्ये सैन्याने खार्टूम परत घेतलं ना, मग आता जाऊन आणा. म्हणजे बावीस वर्षांच्या मुलीने कैरोहून त्या शहरात जायचं जिथे त्यानंतरही ड्रोन पडत होते, वीज-पाणी नव्हतं, मे महिन्यात कॉलऱ्याची साथ होती, एका पाकिटासाठी. मी त्यांना विचारलं तुमची मुलगी पाठवाल का. उत्तर आलं नाही.

मग त्यावर तिथल्या मंत्रालयाचा शिक्का, परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि वर भारतीय दूतावासाचा शिक्का. आपला दूतावास स्वतः २०२३ मध्ये खार्टूम सोडून पोर्ट सुदानला गेला, आपल्या सरकारला कळलं की तिथे राहणं शक्य नाही. ऑपरेशन कावेरीमध्ये आपण आपली साडेतीन हजारांहून जास्त माणसं तिथून बाहेर काढली, फार मोठं काम झालं ते, मला अभिमान आहे. पण सरकारी माणसांनाही सोडावं लागलेल्या शहरातून शिक्के आणायची अट एका विद्यार्थिनीला घालताना हे कोणालाच कसं आठवत नाही?

फोटो चालत नाहीत, हेही मला मान्य आहे, खोटी कागदपत्रं येतात, मी शिक्षिका होते, नकली दाखले मीही पाहिलेत. पण मग तपासा ना! तिला परीक्षेला बसवा, तोंडी घ्या, ऑनलाइन घ्या, कैरोतल्या एखाद्या सेंटरवर घ्या, तिचे सर व्हिडिओ कॉलवर यायला तयार आहेत त्यांना विचारा. हे सगळं मी लेखी दिलं, दोन ईमेल केले. पहिल्याला ऑटो रिप्लाय आला, दुसऱ्याला तोही नाही.

आणि हे काही मी जगावेगळं मागत नाहीये. युरोपात २०१७ पासून निर्वासितांसाठी पात्रतेचा पासपोर्ट देतात, मुलाखत आणि जी असतील ती कागदपत्रं बघून. युनेस्कोचा उच्चशिक्षणाच्या पात्रतेचा जागतिक करार २०१९ चा, तो मार्च २०२३ मध्ये लागू झाला, त्यातही कागद नसलेल्या निर्वासितांच्या शिक्षणाची दखल कशी घ्यायची याची सोय आहे. एवढ्या लांब कशाला, २०२२ आठवा. युक्रेनहून आपली हजारो पोरं परत आली, मेडिकलचं शिक्षण अर्धवट टाकून. माझ्या सख्ख्या चुलत बहिणीचा मुलगा होता त्यात. तेव्हा आपण सगळे काय म्हणत होतो? पोरांचा काय दोष, युद्ध काय त्यांनी केलं का, काहीतरी मार्ग काढा. आणि थोडा का होईना मार्ग निघाला, दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाऊन उरलेलं शिक्षण पूर्ण करायला परवानगी मिळाली. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कुलगुरूंनी आपल्या पोरांना दार उघडलं म्हणूनच ते झालं.

अजून एक, इथल्या मुलांची सीट जाते असं कोणी म्हणायच्या आधी सांगते. यूजीसीने २०२२ मध्येच परदेशी विद्यार्थ्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत जास्तीच्या जागा ठेवायला परवानगी दिली आहे, मंजूर जागांच्या वर. आपल्या एकाही पोराची सीट यात जात नाही. उलट परदेशी विद्यार्थ्यांची फी आपल्या पोरांच्या कितीतरी पट असते, ती भरायला या मुलीचे वडील आणि दुबईतला काका पैसे जोडून बसलेत, मीही माझ्या परीने देणार आहे. कोणी फुकट मागत नाहीये.

पुण्यात राहून मला अजून एका गोष्टीचा त्रास होतो. खडकवासल्याला एनडीएची जी मुख्य इमारत आहे, घुमटवाली, जिच्या आवारात दर सहा महिन्यांनी पासिंग आऊट परेड होते आणि आपण टीव्हीवर अभिमानाने बघतो, तिचं नाव सुदान ब्लॉक आहे. दुसऱ्या महायुद्धात आपले सैनिक पूर्व आफ्रिकेत लढले, सुदानच्या रक्षणासाठी मेले, त्यांच्या आठवणीसाठी सुदानच्या सरकारने १९४१ मध्ये एक लाख पाऊंड दिले होते. त्यातला भारताच्या वाट्याचा सत्तर हजारांचा पैसा या इमारतीत आहे, ३० मे १९५९ ला सुदानच्या राजदूतांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. १९९५ च्या सुमारास त्या मुलीच्या वडिलांना माझे भाऊ स्कूटरवर बसवून घेऊन गेले होते, आत कसले सोडतायत, लांबून रस्त्यावरूनच घुमट दाखवला, तर तो तिथे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला हे आमच्या शाळेत आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आज त्याच्या मुलीला त्याच शहरातून "सबब अपात्र" असं उत्तर गेलंय. ते मी त्याला फोनवर कसं सांगितलं ते माझं मला माहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सगळ्यात आधी तो शेरा. इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आफ्रिका हे सुदानचं सरकारी विद्यापीठ आहे हे लक्षात घेऊन "धार्मिक स्वरूपाची संस्था" हे कारण तिथल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या अर्जावर यापुढे लिहू नका, आणि ज्यांच्या अर्जावर लिहिलं असेल त्यांचे अर्ज परत उघडा. फक्त या मुलीचा नाही, सगळ्यांचे. नायजेरिया, सोमालिया, चाडची जी पोरं तिथून अर्धवट निघाली त्यातलीही काही पुण्यात, मुंबईत, औरंगाबादला अर्ज करत असणार.

युद्धातल्या देशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मूळ कागदांऐवजी परीक्षा आणि मुलाखत असा पर्याय द्या, तो पोर्टलवर स्पष्ट लिहा, आणि पास झाल्यावर प्रोव्हिजनल अॅडमिशन देऊन कागदांसाठी निदान दोन वर्षं मुदत द्या. झालेली सेमिस्टर्स मोजा. तिला परत पहिल्या वर्षापासून बसवायचं असेल तर तेही ती करेल असं म्हणते, पण ते न्यायाचं नाही, ती तीन वर्षं तिने अभ्यास केलाय.

नकार द्यायचा असेल तर कारण लिहून द्या, सही करून, आणि वर दाद कुठे मागायची तेही. आणि ईमेलला उत्तर द्या. पलीकडच्या टोकाला एक मुलगी दर तासाला मोबाईल बघत असते, कैरोतल्या दोन खोल्यांत सात माणसांमध्ये बसून, रात्री सगळे झोपले की कोडिंग करते, त्याच फोनवर, स्क्रीनला तडा गेलेला आहे.

यातलं काहीही करायला नवीन कायदा लागत नाही असं मला वाटतं, तुमच्या अॅकॅडमिक कौन्सिलच्या एका बैठकीचं काम आहे. कुठला नियम आडवा येत असेल तर तो नियम क्रमांकासकट सांगा, मी यूजीसीला आणि मंत्रालयाला स्वतः लिहीन, माझ्याकडे आता वेळच वेळ आहे.

जिथे चार खेपा घातल्या तिथली अर्जाची मुदत या महिन्याच्या ३० तारखेला संपतेय. पाच सेमिस्टरच्या निकालांचे फोटो, सहाव्याच्या असाइनमेंट, तिच्या दोन शिक्षकांची सहीची पत्रं आणि तिच्या पासपोर्टची कॉपी माझ्याकडे फाईलमध्ये लावून ठेवलेली आहे, पेनड्राइव्हवर पण आहे. कुठल्याही कक्षाने बोलावलं तर सकाळी १० पासून मी कधीही येते. ती परीक्षेला उद्या बसायला तयार आहे.

आपली,
वानवडीची एक निवृत्त शिक्षिका